आजाऱ्याची सेवा



राजूरच्या आपल्या वस्तीत कुणाला उसंत नाही. कुणी कोळसा खाणीच्या पाळीवर, कुणी चुन्याच्या भट्टीवर, कुणी निंदणाला. अशा घरात एकजण अंथरुणाला खिळला की भार कुणावर पडतो? सुनेवर; नाहीतर थोरल्या मुलीची शाळा सुटते. हे धम्माला धरून आहे काय?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसार झालेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या कामाचा नव्हता, म्हणून कुणी फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले. स्वतः ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग बुद्धांनी डोक्याकडून व आनंदाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. खुद्द शास्त्याने हे काम हलके मानले नाही. आपल्या घरचे पुरुष मात्र मानतात!

तेथेच आजाऱ्याचेही कर्तव्य सांगितले आहे : औषध घ्यावे, दुखणे जसे असेल तसे सांगावे. हे आपण विसरतो. रोजी बुडेल म्हणून बाप खोकला लपवितो आणि गुपचूप अंगारा लावतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला ज्यातून बाहेर काढले, तोच हा अंगारा!

आज रात्री बापाला खोकल्याविषयी विचारा. आणि उद्या पाणी तापवायला मुलालाही उठवा. मुलीला शाळेत जायचे आहे.