मतदान: साक्ष की केवळ बचाव?

१९ एप्रिल २०२४ हा शुक्रवार होता. ईदुल फित्र होऊन आठच दिवस झाले होते. अठराव्या लोकसभेच्या पहिल्या टप्प्यात त्या दिवशी चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या दोन्ही मतदारसंघांत मतदान झाले. गडचिरोली जिल्ह्यात सुरक्षेच्या कारणाने मतदान दुपारी तीन वाजताच थांबते; त्यामुळे जुमाच्या नमाजीला जाण्यापूर्वी मत देऊन यावे, असे अनेक घरांत ठरले होते. मोहफुलांचा हंगाम, वर विदर्भाचे ऊन, आणि दुर्गम केंद्रांवर हेलिकॉप्टरने पोहोचवलेली मतदान पथके. एवढे असूनही गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले. राज्यात त्या वेळी याहून अधिक मतदान कोठेही झाले नाही.

एका बाजूला महायुती, दुसऱ्या बाजूला महाविकास आघाडी, शिवाय वंचित बहुजन आघाडीसारखे तिसरे पर्याय. निकाल सर्वांना ठाऊक आहे. चंद्रपुरात काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर यांनी भाजपचे सुधीर मुनगंटीवार यांचा सुमारे दोन लाख साठ हजार मतांनी पराभव केला, तर गडचिरोली-चिमूरमध्ये काँग्रेसचे नामदेव किरसान यांनी अशोक नेते यांच्यावर एक लाख चाळीस हजारांहून अधिक मतांनी मात केली. जय-पराजयाची चर्चा करणे हा या लेखाचा हेतू नाही. यंत्राचे बटण दाबताना आपण नेमके कोणते कृत्य केले, आणि अल्लाहच्या दरबारात त्या कृत्याचे नाव काय, हा प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

मुफ्ती मुहम्मद शफी यांनी मताकडे तीन अंगांनी पाहिले आहे. मत म्हणजे शहादत, अर्थात हा मनुष्य या कामास योग्य आहे अशी साक्ष. मत म्हणजे शफाअत, अर्थात शिफारस. आणि मत म्हणजे वकालत, अर्थात आपल्या वतीने बोलण्यासाठी दुसऱ्याला दिलेला अधिकार. तिन्ही अंगे महत्त्वाची आहेत, परंतु सर्वांत जड आहे ते पहिले. सूरह अल-बकराच्या २८३ व्या आयतीत साक्ष लपवणाऱ्याचे हृदय पापी ठरवले आहे. खोट्या साक्षीविषयी सांगताना प्रेषित मुहम्मद (स.) टेकून बसले होते ते सावरून बसले आणि तोच इशारा पुन्हा पुन्हा देत राहिले, असे बुखारीच्या हदीसमध्ये येते. आता ते थांबतील तर बरे, असे सहाबांना (रजि.) वाटू लागले, इतक्या वेळा.

मत ही साक्ष असेल, तर आपल्यापैकी बहुतेकांनी २०२४ मध्ये दिलेले मत त्या व्याख्येत बसते का? प्रामाणिकपणे पाहिले तर आपले मत ‘हा योग्य आहे’ असे सांगत नव्हते. ‘तो नको’ असे सांगत होते. संविधान बदलले जाईल का, नागरिकत्वाचे काय होईल, द्वेषाच्या भाषणांना कोण आवर घालील, या चिंतांनी आपण मतदान केंद्रावर गेलो. या चिंता खोट्या नव्हत्या. फिकहमध्ये दोन हानींपैकी हलकी हानी स्वीकारण्याचा नियम आहे आणि त्या नियमाने असे मत निश्चितच वैध ठरते. २०१९ मध्ये गडचिरोली-चिमूरमध्ये अशोक नेते सुमारे ७७ हजार मतांनी निवडून आले आणि तिसऱ्या क्रमांकावरील वंचितच्या उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते मिळाली, हे ज्याने पाहिले त्याला मतविभाजनाची भीती वाटणे स्वाभाविक आहे. (त्याच वर्षी शेजारच्या चंद्रपुरात वंचितला लाखावर मते जाऊनही काँग्रेस जिंकली, आणि राज्यात काँग्रेसची तेवढी एकच जागा आली, हेही लक्षात ठेवावे. बेरीज-वजाबाकीचे हे शास्त्र वाटते तितके पक्के नाही.)

परंतु हलकी हानी निवडणे ही परवानगी आहे. परवानगीलाच आपण धर्मकर्तव्य समजू लागलो, तर हळूहळू साक्षीदाराची दृष्टी जाते. अशा माणसाला समोरचा उमेदवार दिसेनासा होतो, फक्त त्याचे चिन्ह दिसते. सूरह अन-निसाची १३५ वी आयत न्यायासाठी ठामपणे उभे राहण्याची आज्ञा देते, ती साक्ष स्वतःविरुद्ध, आई-वडिलांविरुद्ध वा आप्तांविरुद्ध जात असली तरीही. सूरह अल-माइदाची आठवी आयत त्यापुढे जाते: एखाद्या समूहाच्या वैराने तुम्हांला अन्यायाकडे ढकलू नये. ही आयत आपण इतरांना ऐकवतो. ती आपल्यालाही उद्देशून आहे, हे पाहण्यासाठी चंद्रपूरच्या दारूबंदीएवढे चांगले उदाहरण दुसरे नाही.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तिच्यामागे गावोगावच्या स्त्रियांचे आणि कार्यकर्त्यांचे मोठे आंदोलन होते. शेजारच्या चंद्रपुरातील स्त्रियांनीही तीच मागणी केली. पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार संघटनेच्या नेतृत्वाखाली त्यांनी चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी मोर्चा नेला. या स्त्रियांत गोंड होत्या, दलित होत्या, कुणबी, तेली, माळी होत्या. सूरह अल-माइदाची ९० वी आयत त्यांनी वाचली नव्हती, पण दारू घराचे काय करते हे त्यांना आपल्या वाइजांहून अधिक माहीत होते. अखेर १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. त्या वेळी राज्यात भाजप-शिवसेनेचे सरकार होते आणि मुनगंटीवार त्या सरकारात मंत्री व जिल्ह्याचे पालकमंत्री होते. २०२१ च्या मे महिन्यात ती उठवली गेली, आणि ती उठवणारे मंत्रिमंडळ महाविकास आघाडीचे होते. अवैध दारूचा धंदा व गुन्हेगारी वाढली, हे कारण सांगण्यात आले. कारण अगदीच निराधार होते असे म्हणता येणार नाही. अंमलबजावणी खरोखर ढिली होती.

म्हणजे पाहा: ज्या प्रश्नावर कुरआनचा आदेश निःसंदिग्ध आहे, त्या प्रश्नावर आपण ज्यांना घालवू पाहत होतो त्यांच्या हातून आदेशाच्या जवळचे काम झाले, आणि ज्यांना आणू पाहत होतो त्यांच्या हातून उलट. एवढ्यावरून २०२४ चे मत फिरवायला हवे होते, असे मी म्हणत नाही. मत देताना अनेक गोष्टी तराजूत पडतात. जीव, इज्जत आणि नागरिकत्व यांची सुरक्षितता त्यांत फार जड असते. माझा प्रश्न वेगळा आहे. ही गोष्ट आपल्या तराजूत पडली तरी का? २०१५ मध्ये आपल्या किती मशिदींतून, किती जमातींकडून त्या सरकारला या एका कामाबद्दल मोकळ्या मनाने शाबासकी गेली? २०२१ मध्ये मुंबईला निवेदन घेऊन किती जण गेले? ज्या स्त्रिया चिमूरहून चालत गेल्या त्यांच्यासोबत आपल्या बुरखाधारी भगिनी किती होत्या? विरोधकाचे चांगले काम चांगले म्हणणे आणि आपल्या बाजूच्या माणसाचे चुकीचे काम चुकीचे म्हणणे, हीच साक्षीची कसोटी आहे. मतपेटी गुप्त असते; तिच्यात काय टाकले ते कोणी विचारणार नाही. बाकीची पाच वर्षे मात्र उघडी असतात.

दुसरा मुद्दा याच भूमीतून निघतो. गडचिरोली-चिमूर हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. खानदेशातील तडवी बांधवांचा अपवाद सोडला, तर महाराष्ट्रातील मुसलमान अशा जागेवर उमेदवारच होऊ शकत नाही. ‘आपला माणूस’ हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. काहींना यात वंचना वाटते. मला वाटते, साक्ष शुद्ध करण्याची ही एक संधी आहे. उमेदवार आपल्या बिरादरीचा असू शकत नाही हे ठरलेलेच असेल, तर उरते ते एवढेच: हा समर्थ आहे का, आणि विश्वासू आहे का? हजरत मूसा (अ.) यांना कामावर ठेवण्याची शिफारस करताना मदयनच्या त्या मुलीने हेच दोन गुण सांगितले होते (सूरह अल-कसस, आयत २६). परक्या माणसाविषयी, दोन-चार क्षणांच्या निरीक्षणावरून, पण अचूक.

आणि हा व्यवहार एकतर्फी नाही. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत चांदा मतदारसंघातून निवडून गेलेले सदस्य होते मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली. १९७१ मध्ये चंद्रपूरने पाठवले ते अब्दुल शफी यांना. या जिल्ह्यात मुसलमान थोडे. तेव्हाही थोडेच होते. ज्यांच्या मतांवर हे दोघे दिल्लीला गेले ते मतदार बहुतांशी हिंदू, बौद्ध आणि आदिवासी होते. त्यांनी धर्म न पाहता एका मुसलमानाच्या बाजूने साक्ष दिली होती. त्या साक्षीचे ऋण आपल्यावर आहे. आदिवासी उमेदवाराच्या बाबतीत ‘आपल्याला त्याचा काय उपयोग’ असे विचारणे त्या ऋणाला शोभत नाही.

मतासाठी पैसे घेण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही; ती लाच आहे आणि लाच देणारा-घेणारा दोघेही शापित आहेत, हे सर्वांना माहीत आहे. एकच हदीस आठवून द्यावीशी वाटते. कियामतच्या दिवशी अल्लाह ज्या तिघांशी बोलणार नाही त्यांत, केवळ दुनियेच्या लाभासाठी नेत्याशी बैअत करणारा, मिळाले तर निष्ठा ठेवणारा आणि न मिळाले तर मोडणारा मनुष्य आहे. २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात पक्ष फुटले, एका चिन्हावर घेतलेली मते दुसऱ्याच गोटात गेली, तेव्हा आपण या नेत्यांना नावे ठेवली. ठेवावीतच. पण ही हदीस नेत्याविषयी नसून अनुयायाविषयी आहे.

‘यांपैकी कोणीही नाही’ या बटणाचा विचार थोडा अधिक करायला हवा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ते यंत्रावर आले, आणि २०१४ व २०१९ या दोन्ही निवडणुकांत गडचिरोली-चिमूरमध्ये वीस हजारांहून अधिक मतदारांनी ते दाबले. ही साक्ष लपवणे आहे का? घरी बसणे म्हणजे निश्चितच लपवणे. पण ऊन डोक्यावर घेऊन, कित्येक मैल चालून, रांगेत उभे राहून जो सांगतो की यांपैकी एकही योग्य नाही, तो काही सांगत आहे. यंत्र समजून न घेतल्याने शेवटचे बटण दाबले गेले असेल अशीही शंका घेतली जाते; काहींच्या बाबतीत ते खरे असेलही. तरीही सगळ्या हजारोंना अडाणी ठरवणे मला अवघड जाते. सूरजागडच्या टेकड्या खणून लोहखनिज बाहेर जाते, मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करताना वाघाच्या हल्ल्यात माणसे मरतात. त्यांच्या बाजूने बोलणारा यादीत कोणी दिसला नसेल, तर त्यांची साक्ष खोटी म्हणता येत नाही. आपल्या वस्तीत राहून आपण त्यांना नकाराधिकार वाया घालवू नका असे सांगतो, पण त्यांच्या प्रश्नावर आपण कधी उभे राहिलो, हे त्यांनी विचारले तर?

धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंडांचे गाव आहे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक. २००९ मध्ये त्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा अधिकार मिळाला, आणि २०११ मध्ये बांबू विकण्याचे परवाने स्वतः देण्याचा. या गावाची ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. सर्वांची संमती होईपर्यंत चर्चा चालते, एखाद्याला पटले नाही तर निर्णय थांबतो, आणि विषय समजून घेण्यासाठी वेगळी अभ्यासमंडळे बसतात. सूरह अश-शूराच्या ३८ व्या आयतीत श्रद्धावंतांचे लक्षण म्हणून नमाज आणि दान यांच्या मध्ये आपसांतील सल्लामसलत ठेवली आहे. ती आयत आपण पाठ करतो. तिचे एक रूप गोंडांच्या गावात चालते. आपल्या मोहल्ल्यात निवडणुकीआधी काय होते? चार-दोन माणसे उमेदवाराला भेटतात, रात्री निर्णय होतो, सकाळी तो सांगितला जातो. स्त्रियांना विचारले जात नाही, तरुणांना गृहीत धरले जाते. मग त्या मताला एकगठ्ठा म्हटले की आपल्याला राग येतो.

उहुदच्या वेळी शहरात राहून लढावे असे प्रेषित (स.) यांचे मत होते, बहुसंख्य सहाबांच्या, विशेषतः तरुणांच्या आग्रहाने ते बाहेर पडले. परिणाम कठीण झाला. सत्तर जण शहीद झाले. त्यानंतर उतरलेली सूरह आलि-इमरानची १५९ वी आयत त्यांना क्षमा करण्यास आणि कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहण्यास सांगते. निकाल विपरीत लागला म्हणून विचारणे बंद करण्याची आज्ञा आली नाही.

निवडून आलेल्या दोन्ही खासदारांकडे आपली शिष्टमंडळे गेली असतील, पुढेही जातील. कब्रस्तानची संरक्षक भिंत, शादीखान्याचा निधी, उर्दू शाळेतील रिकामी शिक्षकपदे या मागण्या रास्त आहेत आणि त्या कराव्यात. त्याच कागदावर आणखी दोन ओळींना जागा आहे: चंद्रपुरात दारूची दुकाने पुन्हा उघडल्यापासून घराघरांत काय घडले याचा हिशेब, आणि प्रलंबित वनहक्क दाव्यांचे काय झाले याची विचारणा. पहिली ओळ आपल्या शरीअतची आहे. दुसऱ्या ओळीतून आपल्याला काहीच मिळणार नाही. म्हणूनच ती कोणाच्या सहीने जाते, याकडे शेजारी बारकाईने पाहतील.