सब्र कोणाचा, जबाबदारी कोणाची?

वाचकहो, कष्टकरी माणसाला द्यायला सर्वांत सोपा सल्ला कोणता असेल, तर तो ‘सब्र कर’ हा होय. पगार थकला, सब्र कर. मुकादमाने चारचौघांत शिवी घातली, सब्र कर. रात्र रात्र झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, गावाकडचा फोन आला तरी उचलावासा वाटत नाही, तरीही सब्र कर. सल्ला खोटा नाही. सब्र करणाऱ्यांना अल्लाहची सोबत लाभते, ही पवित्र कुरआनची ग्वाही आहे. परंतु दुसऱ्याचे ओझे हलके करण्याची सत्ता ज्याच्या हाती आहे, त्याने सब्रचा उपदेश केला म्हणजे त्याचे कर्तव्य संपले काय? बांधकामाच्या क्षेत्रात हा प्रश्न रोज उभा राहतो. म्हणून त्याच क्षेत्राच्या आधारे त्याचा विचार करू.

बांधकामाचे काम पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते. विकासकाकडून मुख्य ठेकेदाराकडे, त्याच्याकडून पोटठेकेदाराकडे, तेथून मुकादमाकडे आणि शेवटी गवंडी, सेंट्रिंगवाले, फिटर व बिगारी यांच्याकडे. काम भराभर उतरते. पैसा मात्र प्रत्येक पायरीवर अडखळतो. वरचे बिल अडले की खालची मजुरी अडते. घर सोडताना अनेकांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत काम सोडून जाण्याची सोय नसते. स्लॅबचे काँक्रीट एकदा ओतायला घेतले की ते मध्येच थांबवणे परवडत नाही, कारण सांधा कच्चा राहतो. त्यामुळे दिवस मावळला तरी स्लॅब पुरा होईपर्यंत कोणी खाली उतरत नाही. राहायला पत्र्याच्या खोल्या असतात. इमारत पुरी झाली की टोळी दुसऱ्या गावी जाते आणि जुळू पाहणारा शेजार मोडतो.

या साऱ्याचा भार शरीरावर पडतो, तसाच मनावरही पडतो. मात्र पाय मुरगळला तर तो दाखवता येतो, मन मुरगळले तर दाखवायचे काय? ‘मर्द आहेस ना?’ या एका वाक्याने ती वाट बंद केली जाते. माणूस गप्प होतो, दारूजवळ जातो, क्षुल्लक कारणावरून भांडतो किंवा परांचीवर उभा असताना त्याचे लक्ष उडते. ज्याची झोप झालेली नाही आणि ज्याचे चित्त थाऱ्यावर नाही, त्याच्यासाठी दहाव्या मजल्यावरची फळी अधिकच अरुंद असते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ जणांनी आपले जीवन संपवले. त्यांतील चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक रोजंदारीवर जगणारे होते. ते सगळेच बांधकामावरचे नव्हते. परंतु बांधकामावरचा मजूर याच वर्गातला आहे, हे विसरता येणार नाही.

हा ताण केवळ घमेले उचलणाऱ्यापुरता नाही. साइट इंजिनिअर आणि सुपरवायझर यांच्यावर वरून मुदतीचा दट्ट्या असतो आणि खालून माणसांच्या अडचणींचा. वरून आलेला अपमान ते खाली सोपवतात आणि अपमानच कामाची रीत होऊन बसतो. कोकणातील कितीतरी मुस्लिम घरांतील तरुण आखाती देशांतील बांधकामांवर आहेत. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत उघड्या उन्हात काम करून घेण्यास बंदी आहे. हा नियम स्तुत्य आहे. पण आईच्या आजारपणाला जाता आले नाही म्हणून रात्री लेबर कॅम्पच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून जो पडून राहतो, त्याचे ऊन कोणत्याही घड्याळाला कळत नाही. ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाला आणि त्याच्या वरिष्ठालाच कळू शकते.

आता सब्रकडे वळू. सब्र म्हणजे दुःख न होणे, असा समज आपल्यात रुजला आहे. कुरआन मात्र वेगळे चित्र दाखवतो. हजरत याकूब (अ.) हे सुंदर संयमाचा आदर्श आहेत, तरीही पुत्रविरहाच्या शोकाने त्यांचे डोळे पांढरे पडले, असे सूरह यूसुफमध्ये सांगितले आहे. त्यांनी आपले दुःख नाकारले नाही, ते अल्लाहपुढे मांडले. तेव्हा ज्याचे मन खचले आहे, त्याचा ईमान कमकुवत आहे, असा निकाल देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक दुआ सहीह बुखारीत आली आहे. हजरत अनस (रजि.) सांगतात की ही दुआ ते वारंवार करीत. तिच्यात प्रेषितांनी चिंता आणि शोक यांपासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे. ज्यापासून प्रेषितांनी आश्रय मागितला, ती गोष्ट क्षुल्लक कशी असेल? आणि ही दुआ येथेच थांबत नाही. चिंतेपासून सुरू होऊन ती कर्जाचे ओझे आणि माणसांची दडपशाही यांपाशी येऊन पोहोचते. वाचकहो, हा क्रम लक्षात घ्या. मनाचा क्लेश आणि त्याची समाजातली कारणे एकाच प्रार्थनेत शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. उचलीखाली दबलेल्या आणि मुकादमाच्या धाकात जगणाऱ्या मजुराची अवस्था याहून नेमकी कोणती असू शकते?

मुस्लिम विद्वानांनीही हा विषय टाळला नाही. अबू झैद अल-बल्खी (मृत्यू इ. स. ९३४) यांनी शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. त्यांनी मनाच्या आजारांना स्वतंत्र स्थान दिले आणि ज्याचे कारण ठाऊक आहे असे दुःख व ज्याचे कारण सापडत नाही असे दुःख यांत भेद केला. ज्याचे कारण सापडत नाही, त्याला वैद्याकडे नेले पाहिजे. उपचार घेण्याची शिकवण प्रेषितांनीच दिली आहे. परंतु ज्याचे कारण दिसते आहे, ते थकलेली मजुरी, अपुरी झोप आणि रोजची मानहानी हेच असेल, तर ते कारण दूर करणे हाही उपचाराचाच भाग आहे. आणि तो उपचार मजुराच्या हाती नाही.

मग तो ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यासाठी इस्लामची शिकवण काय आहे? सूरह अल-कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांची कथा येते. परक्या मुलखात, निराधार अवस्थेत ते मदयनला पोहोचले आणि एका वयोवृद्ध गृहस्थांकडे त्यांनी मोलाने काम पत्करले. आठ वर्षांचा करार ठरला. दहा वर्षे पुरी करणे हे मूसांच्या मर्जीवर सोडले गेले. हा करार करताना त्या गृहस्थांनी सांगितले की तुम्हाला कष्टात टाकण्याची माझी इच्छा नाही. कामावर ठेवणाऱ्याचे हे वाक्य अल्लाहने आपल्या ग्रंथात जतन केले आहे. मजुरी, मुदत आणि कामाची मर्यादा आधीच स्पष्ट करणे आणि समोरचा माणूस पिचून जाणार नाही याची हमी देणे, ही कुरआनने दाखवलेल्या कराराची रीत आहे.

दुसरा प्रसंग हजरत अबू जर (रजि.) यांचा. त्यांनी रागाच्या भरात एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. प्रेषितांनी त्यांना बजावले की तुमच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश उरला आहे. अबू जर हे थोर सहाबी होते. तरी त्या एका शिवीकडे दुर्लक्ष झाले नाही. त्याच वेळी प्रेषितांनी शिकवले की तुमच्या हाताखालचे लोक तुमचे बंधू आहेत. जे स्वतः खाता ते त्यांना खाऊ घाला, जे लेता ते त्यांना द्या, त्यांच्या शक्तीपलीकडचे काम त्यांच्यावर लादू नका, आणि लादावेच लागले तर स्वतः त्यांना हातभार लावा. हे गुलामांविषयी सांगितले गेले. जो स्वतंत्र आहे आणि करार करून कामाला आला आहे, त्याचा हक्क याहून कमी कसा असेल? आणि ज्या बांधकामावर आईवरून शिवी दिल्याशिवाय सकाळ सुरू होत नाही, तेथे नमाजसाठी जागा राखून ठेवली असली, तरी अज्ञानकाळाचा अंश गेला असे म्हणता येईल काय?

येथे एक आक्षेप येतो. बांधकाम हे धोक्याचे काम आहे, तेथे कडकपणा नसेल तर माणसे मरतील. मुदत चुकली तर नुकसान होईल. पहिला भाग खरा आहे. बेल्ट न बांधणाऱ्याला वर चढू न देणे हा कठोरपणा नसून ती अमानत सांभाळणे आहे. परंतु शिस्त आणि मानहानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिस्त चुकीवर बोट ठेवते, मानहानी माणसावर. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषितांची सेवा केली आणि त्या काळात एकदाही त्रासिक उद्गार ऐकला नाही, अशी साक्ष दिली. मदीनेचे काम त्यामुळे ढिले पडले नाही. हिजरी सन ५ मध्ये शत्रू चालून येत असताना खंदक खोदला गेला. त्याहून कडक मुदत कोणती? थंडी होती, उपासमार होती. त्या खंदकात प्रेषित स्वतः माती वाहत होते, त्यांचे पोट धुळीने माखले होते. हजरत जाबिर (रजि.) यांनी त्यांची भूक ओळखून घरी थोडे जेवण सिद्ध केले, तेव्हा त्यांनी एकट्याने न जेवता खंदकावरच्या सर्वांना बोलावले. ज्याला हाताखालच्यांची भूक कळते, त्याला मुदत पाळण्यासाठी शिवीची गरज भासत नाही.

कदाचित आपण म्हणाल, ‘मी ना बिल्डर, ना ठेकेदार.’ परंतु आपल्यापैकी कोणी घर बांधतो, कोणी मशिदीच्या किंवा मदरशाच्या बांधकाम समितीवर असतो. अल्लाहच्या घरासाठी वर्गणी काटकसरीने वापरणे योग्यच आहे. पण सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारताना ती कमी कशातून झाली, हे आपण विचारतो काय? सिमेंट आणि सळई यांचे भाव तर सर्वांना सारखेच असतात. मग काटकसर बहुधा माणसाच्या मजुरीत, विश्रांतीत आणि सुरक्षेत झालेली असते. ज्या मिनारावरून कल्याणाकडे येण्याची हाक दिली जाणार, तो उभारणाऱ्याचा घाम वाळून गेला आणि मजुरी हाती आली नाही, तर त्या मिनाराचे आपण अल्लाहपुढे काय उत्तर देणार?

हा प्रश्न हुकूकुल इबाद म्हणजे माणसांच्या हक्कांचा आहे. खरा दिवाळखोर कोण, हे प्रेषितांनी सहाबांना समजावून सांगितले आहे. कयामतच्या दिवशी तो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल. पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणावर आळ घेतलेला असेल, कोणाचे धन गिळलेले असेल. त्याची पुण्ये त्या लोकांत वाटली जातील आणि ती संपली की त्यांची पापे त्याच्यावर टाकली जातील. शिवी आणि बुडवलेला पैसा दोन्ही या यादीत आहेत. आपल्या शब्दांनी कोणाची झोप उडाली हे आपल्याला आठवणार नाही. त्याला ते आठवेल.

आणि ज्याचा धीर सुटला, त्याच्याविषयी? इस्लामने आत्मघात निषिद्ध ठरवला आहे. जीव ही अल्लाहची अमानत आहे. ही मनाई म्हणजे कड्याच्या टोकाशी घातलेला कठडा आहे. कठड्यापाशी आलेल्याला हिणवण्यासाठी ती नाही. हजरत तुफैल बिन अम्र (रजि.) यांच्यासोबत हिजरत केलेल्या एका माणसाने आजाराच्या असह्य वेदनेत स्वतःच्या हातांना इजा केली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. तुफैल यांनी त्याला स्वप्नात चांगल्या अवस्थेत पाहिले, फक्त त्याचे हात झाकलेले होते. हे ऐकून प्रेषितांनी, हे अल्लाह, त्याच्या हातांनाही क्षमा कर, अशी दुआ केली. सहीह मुस्लिममधील ही हदीस कृत्याचे समर्थन करीत नाही. परंतु अशा माणसाच्या कुटुंबाशी आपण कोणत्या स्वरात बोलावे, हे ती शिकवते. भारताच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही (२०१७) असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी उपचार देण्याचे धोरण स्वीकारले आहे.

तेव्हा वाचकहो, आपण काय करू शकतो? कामावर कोणी ठेवले असेल, तर मजुरी ठरल्या दिवशी द्या आणि ती देताना नाव घेऊन विचारा, ‘घरी सर्व ठीक आहे ना? झोप लागते ना?’ मागील वर्षात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या बांधकाम कामगाराला कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते; त्याला कागदपत्रांसाठी मदत करा. एखादा खचलेला दिसला तर त्याला एकटे सोडू नका. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक स्वतः लावून फोन त्याच्या हाती द्या आणि गरज असेल तर त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा. जुमाच्या खुत्ब्यात इमामांनी मजुराच्या मनाविषयीही बोलावे.

आणि जो आज खचलेला आहे, त्याला एवढेच सांगायचे आहे: मदत मागणे सब्रच्या विरुद्ध नाही. कर्ज, दडपण आणि शोक यांपासून आश्रय मागणे ही तर प्रेषितांची सुन्नत आहे.

सब्र हे पीडिताचे पुण्य आहे. ते देणाऱ्याचा परवाना नव्हे. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने न्याय करावा, ज्याच्या हाती नाही त्याने सब्र करावा, आणि दोघांनी एकमेकांसाठी दुआ करावी. अल्लाह आपल्याला हाताखालच्या माणसांचे हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो आणि प्रत्येक खचलेल्या मनाला उभारी देवो. आमीन.