गव्हाच्या अभावी



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 16 आणि 17.

भगवंत अर्जुनाला ध्यानयोग शिकवताहेत. आसन कसं असावं, नजर कुठे ठेवावी, मन कसं आवरावं, हे सगळं सांगता सांगता ते मध्येच ताटावर येतात. जो फार खातो त्याला योग साधत नाही, आणि जो अजिबात खात नाही त्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याचं तेच, सतत जागणाऱ्याचंही तेच. ज्याचा आहार, विहार, कामं, झोप आणि जाग हे सगळं 'युक्त' आहे, त्याचा योग दुःख दूर करणारा होतो.

हे श्लोक आपण बहुतेक वेळा मिताहाराचे म्हणून वाचतो. दोन घास कमी खा, रात्री मोबाईल बाजूला ठेवा, झालं. आज मात्र मला ते अशा मित्रमैत्रिणींसाठी वाचायचे आहेत ज्यांचा दिवस 'आज काय खाल्लं तर चालेल?' या प्रश्नाने सुरू होतो. मी त्यांच्यातलीच एक. सात वर्षांपूर्वी मला सिलिअॅक आजाराचं निदान झालं.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. गहू, जव आणि राय (हे परदेशी धान्य, आपल्या फोडणीतली राई नव्हे) यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिअॅक असेल तर ते पोटात गेल्यावर शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषून घेणारे, बारीक बोटांसारखे उंचवटे असतात. ते झिजून सपाट होतात. औषधाची गोळी नाही. उपाय एकच, ग्लूटेन आयुष्यभर बंद. पोळी बंद, पाव बंद, रव्याचा शिरा बंद.

हे कठीण आहे, पण नियम तरी स्पष्ट आहे. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. गहू सोडून वर्ष होतं, सगळं काटेकोर पाळलेलं असतं, आणि तरीही पोट फुगतं, सांधे दुखतात, दुपारच्या मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागतात. घरचे प्रेमाने विचारतात, "अगं, आता तर गहू सोडलास ना, मग अजून काय?" हाच प्रश्न रात्री आपण देवालाही विचारतो. मी माझा वाटा उचलला, मग तुझा कुठे आहे?

या प्रश्नाला अध्यात्मातलं उत्तर देण्याआधी साधं उत्तर देऊ, कारण ते आहे आणि ते माहीत असायला हवं. गहू सोडल्यावरही त्रास राहण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे नकळत पोटात जाणारं ग्लूटेन. डबीतला हिंग बहुधा पिठात मिसळलेला असतो आणि ते पीठ अनेकदा गव्हाचं असतं. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. गिरणीत आधी कुणाचे गहू दळले असतील, तर आपल्या ज्वारीच्या पिठात ते उतरतात. आपल्याकडे एखाद्या पदार्थाला ग्लूटेनमुक्त म्हणायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, यावरून किती थोडंही पुरतं याचा अंदाज येईल. दुसरं कारण दूध. दुधातली लॅक्टोज साखर पचवणारं विकर त्याच झिजलेल्या उंचवट्यांवर तयार होतं, म्हणून आतडं भरून येईपर्यंत दूध बाधू शकतं. प्रौढांमध्ये हे भरून यायला वर्ष-दोन वर्षं किंवा त्याहून जास्तही लागतात. तिसरं, गहू, कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टन नावाची कर्बोदकं असतात. ती लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि नाजूक पोटाला ते सोसत नाही. शिवाय थायरॉइड, लोह, बी-12, ड जीवनसत्त्व यांचे प्रश्न सोबतीला असू शकतात. म्हणजे त्रास राहिला याचा अर्थ 'माझी श्रद्धा कमी पडली' असा होत नाही. त्याचा पहिला अर्थ, डॉक्टरांकडे पुन्हा जायला हवं.

आता 'युक्त' या शब्दाकडे येऊ. युक्त म्हणजे जोडलेलं, जुळलेलं, योग्य प्रमाणातलं. ज्ञानेश्वर माउली याच ठिकाणी मापाची भाषा बोलतात. माप म्हटलं की प्रश्न येतो, कुणाचं माप? भगवंतांनी श्लोकात पदार्थांची यादी दिलेली नाही. इतके घास, अमुक धान्य, असं काही नाही. आहार युक्त आहे की नाही हे या शरीराशी, या दिवशी जुळवून पाहायचं असतं. शेजारच्याला युक्त असलेलं दूध मला अयुक्त असेल. मागच्या वर्षी मला अयुक्त असलेला चमचाभर दही यंदा युक्त असेल. एकदा उत्तर मिळालं आणि फाइल बंद केली, असं हे काम नाही. ते रोज करायचं आहे, म्हणून तर भगवंतांनी ते साधनेच्या अध्यायात ठेवलंय.

पण आपल्यासारख्यांची सगळ्यात हळवी जागा ताट नसतेच. ती असते प्रसाद.

सत्यनारायणाची कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली आणि नाव दिसेनाशी झाली. तुंगध्वज राजाने गवळ्यांनी दिलेला प्रसाद तिथेच टाकला आणि सगळं गमावलं. ज्याला शिरा चालत नाही त्याने ही कथा ऐकताना पोटात काय कालवत असेल! आजार आधीच आहे, वर प्रसाद नाकारल्याचा दोष. म्हणून कितीतरी जण 'देवाचं आहे, बाधणार नाही' म्हणत एक घास घेतात आणि पुढचे काही दिवस भोगतात.

कथा नीट ऐकू या. तुंगध्वजाचं काय चुकलं? तो राजा होता आणि समोर गवळी होते. त्याने नमस्कारही केला नाही. त्याने नाकारला तो गवळ्यांचा हात. कलावतीचं मन देवापासून उठून किनाऱ्याकडे पळालं. दोन्ही ठिकाणी दोष आहे तो अवज्ञेचा, दुर्लक्षाचा. जो प्रसाद दोन्ही हातांत घेतो, कपाळाला लावतो आणि मग तो शेजारच्याच्या ओंजळीत देतो, त्याने अवज्ञा कुठे केली?

आणि याच कथेच्या पहिल्या अध्यायात एक गोष्ट आहे जी आपण घाईत ऐकत नाही. नैवेद्याला काय काय घ्यावं हे सांगताना केळी, तूप, दूध आणि गव्हाचं पीठ येतं, आणि लगेच पुढे 'अभावे' हा शब्द येतो. गहू नसेल तर तांदळाचं पीठ चालेल, साखर किंवा गूळ चालेल. म्हणजे पोथीने स्वतःच सोय करून ठेवली आहे. आम्ही सिस्टिम बांधताना मुख्य रस्ता बंद पडला तर पर्यायी रस्ता आधीच लिहून ठेवतो. ज्याने 'अभावे' लिहिलं त्यालाही माहीत होतं की कुणाच्या तरी घरी गहू नसणार. आपल्या बाबतीत गहू घरात आहे, शरीरात त्याला जागा नाही. हाही अभावच.

मागच्या श्रावणात आमच्या मजल्यावरच्या काकूंकडे सत्यनारायण होता. मी आधीच सांगून ठेवलं होतं, "काकू, मी प्रसाद कपाळाला लावीन, रागावू नका." पूजेच्या दिवशी गेले तर चौरंगासमोर दोन वाट्या होत्या. छोट्या वाटीत तांदळाचा शिरा. काकूंनी तांदूळ धुऊन वाळवून घरीच मिक्सरवर काढले होते, गिरणीत नेले नव्हते. कढई घासून वेगळी, कालथा वेगळा. मी गुरुजींकडे बघितलं. ते हसून म्हणाले, "पोथीतच आहे, घे." मला वाटतं, त्या दिवशी 'अभावे' या शब्दाचा अर्थ मला पहिल्यांदा जिभेवर कळला. असं दर वेळी होत नाही, होईल अशी अपेक्षाही नको. ज्या घरी होत नाही तिथे हात जोडायचे आणि आनंदाने म्हणायचं, "मला तीर्थ द्या." तेही दुधाचं असेल आणि दूध चालत नसेल, तर तुळशीचं एक पान. नवव्या अध्यायाच्या 26व्या श्लोकात भगवंतांनी भक्ताकडून काय मागितलंय? पान, फूल, फळ, पाणी. जो इतक्यावर राजी आहे, तो तुमच्या शिऱ्याचा हिशेब ठेवत बसेल?

'पण सोसणं ही तपश्चर्याच ना?' असं कुणी म्हणेल. सतराव्या अध्यायात, 5व्या आणि 6व्या श्लोकांत, भगवंत याबद्दल फार कडक बोलतात. हट्टाने शरीराला पीडा देणारे आत बसलेल्या मलाही पीडा देतात, असा त्याचा आशय आहे. मुद्दाम बाधणारं खाणं ही भक्ती होऊ शकत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, आणि आपल्या वयाच्या मंडळींना तिचा धोका जास्त. आज दूध बाधलं, दूध बंद. उद्या डाळ जड गेली, डाळ बंद. इंटरनेटवर कुणी काही म्हणालं, आणखी चार पदार्थ बंद. रक्तातल्या आयजीजीवरून शंभर पदार्थांची 'असहिष्णुता' सांगणाऱ्या महागड्या टेस्ट मिळतात. ते आयजीजी बहुधा एवढंच सांगतं की तुम्ही ते अन्न खाल्लेलं आहे. ताट रिकामं होत जातं, वजन उतरतं, आणि मनात भीती तेवढी भरत जाते. सोळावा श्लोक पुन्हा वाचा. न खाणाऱ्यालाही योग नाही.

आमच्या कामात एक शिस्त असते. बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि नोंद ठेवायची. दहा गोष्टी एकदम बदलल्या तर काय सुधारलं, काय बिघडलं, कळत नाही. पोटाचंही असंच. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने कमी-फॉडमॅप आहाराची पद्धत विकसित केली. तिच्यात कांदा, लसूण, काही कडधान्यं, दूध असे पदार्थ साधारण 2 ते 6 आठवडेच थांबवतात. मग एकेक परत आणून पाहतात. जे सोसतं ते ताटात परत येतं. सोडणं हा मधला टप्पा, परत घेणं हा उद्देश. हे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावं. (चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या आपल्या आजीला या काळातला स्वयंपाक उत्तम शिकवता येईल, पण म्हणून 'ऋषींना फ्रुक्टन माहीत होते' असं कुणी फॉरवर्ड करू नका!) आणि एक नक्की लक्षात ठेवा. सिलिअॅकची तपासणी व्हायच्या आधी स्वतःच्या मनाने गहू सोडू नका, रिपोर्ट चुकीचा निर्दोष येऊ शकतो. निदान झाल्यावर मात्र ग्लूटेन परत आणून पाहायचं नसतं. ते कायमचं गेलं.

श्लोकात आहारानंतर कामं आणि झोप येतात, तेही सोडू नका. दीर्घ आजारात ताकद मोजकीच मिळते. रिलीजसाठी रात्रभर जागून सकाळी काकडआरतीला न गेल्याची खंत करणं युक्त नाही. पडल्या पडल्या केलेला हरिपाठ पांडुरंगाला ऐकू येतो.

शेवटी सतराव्या श्लोकातलं एकच पद घेऊन थांबू. भगवंतांनी या योगाला 'दुःखहा' म्हटलंय, दुःख हरणारा. तो रोग घालवेल असं त्यांनी इथे म्हटलेलं नाही. रोग राहील. काही दिवस बरे जातील, काही वाईट. पण रोगावर आपण जे चढवत जातो, 'माझंच काहीतरी पाप असेल', 'देव रुसलाय', 'मी सगळ्यांना ओझं आहे', ते दुःख जाऊ शकतं. आणि ते गेलं की उरलेला रोग सांभाळायला बळ येतं.

आजचा संकल्प: पुढच्या जेवणाआधी एक मिनिट थांबू. समोर जे आहे, भात असो, भाकरी असो, नुसती मुगाची पेज असो, ते मनाने देवाला दाखवू आणि मगच खाऊ. आपल्याला चालतं तेच आपलं नैवेद्याचं ताट. आणि तुमच्या घरी पूजा असेल, तर येणाऱ्यांना आधी विचारा, "तुला काय चालतं?" एक छोटी वाटी वेगळी ठेवा.

पांडुरंगा, ज्यांना आज काही पचलं नाही त्यांच्याजवळ बस. त्यांच्या ताटात जे नाही त्याची भीती कमी कर, जे आहे त्याला चव दे.

राम कृष्ण हरी!