कोणत्याही शाखेचा पदवीधर

‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ अशी अट जाहिरातीत दिसली की समजावं, त्या कामाला कुठल्याच शाखेतलं ज्ञान लागत नाही. अट असते ती अर्जांचा ढीग कमी करायला. शिवाय पदवीधर कुचकामी निघाला तर खापर विद्यापीठावर फोडता येतं. बिनपदवीचा तसा निघाला तर ते त्याला घेणाऱ्यावर फुटतं.

कुंभकोणममध्ये सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या घरात वाढलेल्या श्रीनिवास रामानुजनची कथा आपण प्रतिभेची म्हणून सांगतो. मला ती नोकरभरतीची वाटते. गणितापायी बाकीचे विषय बुडाले, गावच्या सरकारी कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात गेला, पण पदवीआधीची एफ.ए. परीक्षा काही पदरात पडली नाही. १९१० च्या सुमारास वह्या घेऊन तो डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे कारकुनी मागायला गेला. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे हेच संस्थापक. वह्या पाहून त्यांनी नोकरी दिली नाही. महसूल खात्यात हा मुलगा वाया जाईल असं त्यांना वाटलं. शिफारसपत्रं मात्र दिली. पत्रांवर चूल पेटत नाही.

९ फेब्रुवारी १९१२ ला त्याने मद्रास पोर्ट ट्रस्टकडे अर्ज केला. मॅट्रिक पास, एफ.ए.पर्यंत शिकलो, पुढे परिस्थितीमुळे जमलं नाही, असं सरळ लिहिलं. १ मार्चला महिना ३० रुपयांवर हिशेबाच्या कामाला लागला. तिथले वरिष्ठ एस. नारायण अय्यर स्वतः गणिती. संध्याकाळी दोघं पाट्या घेऊन बसत आणि रामानुजनने चार पायऱ्या गाळून उडी मारली की अय्यर त्याला त्या भरायला लावत. माझ्या मते खरी मुलाखत ती. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांचा पाठिंबाही याच अय्यरांमुळे मिळाला. १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने एम.ए. झालेल्यांसाठीची संशोधनवृत्ती नियम वाकवून त्याला दिली, दरमहा ७५ रुपये. तोवर केंब्रिजहून गणिती हार्डीचं त्याच्या पत्राला उत्तर आलं होतं, हेही विसरू नये.

पण त्याला हात देणाऱ्यांतली ही नावं वाचा. रामस्वामी अय्यर, नारायण अय्यर, मध्यंतरी महिना २५ रुपये देणारे नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव. आणि रामानुजन स्वतः अय्यंगार. हे सगळे ब्राह्मण. शिफारसपत्राची वाट त्याला उघडी होती. कावेरीकाठच्या एखाद्या कुळाच्या मुलाने अशीच वही भरली असती, तर ती कोणापुढे ठेवली असती? पदवीला नावं ठेवताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं. ज्यांचा कोणी काका-मामा साहेब नाही, त्यांच्यासाठी पदवी हाच शिफारसीचा कागद होता आणि अजून आहे.

कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैत ओतकामाच्या कार्यशाळांत पदवी कोणी विचारत नाही. मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाचा लेप द्यायचा, तापवून मेण काढायचं, पोकळीत धातू ओतायचा. मेणावरच्या बोटांतच चूक कळते. तरी ही विद्या बहुतांशी स्थपतींच्या घराण्यांतूनच चालत आली. कामाची पारख चोख असली, तरी दार कोणासाठी उघडतं हा प्रश्न वेगळाच राहतो.

म्हणून पदवीची अट काढायची, तर तिच्या जागी दुसरं काही ठेवावं लागेल: नाव-गाव झाकून घेतलेली, उमेदवाराला दिवसाची मजुरी देणारी प्रत्यक्ष कामाची चाचणी. आणि ती तपासायला त्या कामातला मुरलेला माणूस, त्याची रोजची कामं बाजूला ठेवून. अट काढल्याची घोषणा फुकटात होते. हा खर्च मात्र कोणाच्या अंदाजपत्रकात सहसा नसतो.