दिनविशेषाचे अधिष्ठान

अमुक राजाचा जन्म, अमुक यंत्राचा शोध, अमुक ग्रंथकाराचा देहान्त अशी दिनविशेषाची टाचणे रोज सकाळी वर्तमानपत्रात वाचताना एक प्रश्न माझ्या मनात वारंवार उभा राहतो, तो हा की, गेलेला दिवस खरोखर परत येतो काय, आणि येत नसेल तर आपण वंदन करतो ते कशाला?

वसंतसंपात २१ मार्चावरून ११ मार्चापर्यंत मागे सरकला म्हणून पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ साली फर्मान काढून ऑक्टोबरातले दहा दिवस वगळले. त्यामुळे स्पेनमध्ये ४ तारखेच्या रात्री संत तेरेसा निवर्तल्या तेव्हा दुसरे दिवशी उजाडली ती १५ तारीख, आणि त्यांचा उत्सव आजही १५ तारखेसच होतो. इंग्लंडने ही सुधारणा १७५२ पर्यंत मानली नाही. म्हणूनच शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाची तारीख आपण तत्कालीन इंग्रजांच्या नोंदींना धरून जुन्या गणनेने ६ जून १६७४ अशी सांगतो. नव्या गणनेने ती १६ जून ठरते. गडावर तिथीनेही सोहळा होतो आणि तारखेनेही, आणि दोन्ही दिवशी चढून येणाऱ्यांची भक्ती सारखीच खरी असते.

तिथी निदान आकाशाला बांधलेली आहे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. सूर्यचंद्रांत बारा अंशांचे अंतर वाढले की एक तिथी पुरी होते. परंतु बारा चांद्रमासांचे वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडे पडते, आणि ती तूट अधिक मास घालून माणसालाच भरून काढावी लागते. तेव्हा दिवसाचे पावित्र्य केवळ ग्रहगतीत शोधणे व्यर्थ होय. संकल्प सोडताना यजमान संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी यांचा उच्चार करतो आणि त्याच दमात आपले गोत्र व नाव सांगतो. काल आणि कर्ता यांची ही सांगड पडते तेव्हाच, माझ्या मते, तो दिवस विशेष होतो. परत येते ते ऋण, आणि तिथी ही ते फेडण्याची मुदत.

हे ऋण आपल्या धर्मशास्त्राने ज्या उदारपणे जाणले, त्याने मी नेहमी भारावून जातो. ज्यांची मृत्युतिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी भाद्रपद अमावास्या, सर्वपित्री, राखून ठेविली आहे. दफ्तरात नोंद नाही म्हणून कोणी उपाशी राहू नये, ही त्यामागील दृष्टी. दिनविशेषाच्या सदरात मात्र तारखेवाचून प्रवेश नाही. चाक प्रथम फिरविणारा, रानगवतातून ज्वारीचे बी निवडून पेरणारी, शून्याचे चिन्ह प्रथम रेखणारा, यांच्याइतके आपण कोणाचे देणेकरी आहोत? वर्षातील एक दिवस तरी त्या सदराने कोणाचेही नाव न छापता यांच्यासाठी ठेवावा, अशी माझी संपादकांस विनंती आहे.