निळी ज्योत व तिचें ऋण

गेल्या वर्षीं आमच्या घरीं नळाचा गॅस आला. भिंतीला भोंक पाडून एक नळी आंत शिरली, स्वयंपाकघराच्या भिंतीवर छोटासा मीटर बसला, आणि कारागिरानें शेगडीची कळ फिरवितांच निळी ज्योत उभी राहिली. ऐन पाहुण्यांच्या वेळीं सिलिंडर संपला म्हणून होणारी धांवपळ त्या दिवसापासून संपली, आणि घरांतील मंडळींस आनंद झाला. आम्हांसहि झाला, तो लपविण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच सायंकाळीं आमच्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाईनें ती ज्योत कांहीं वेळ न्याहाळून सहज विचारिलें, “काका, हा गॅस येतो तरी कुठून? आणि आमच्या वस्तींत कधीं येणार?” पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं भूगोलाच्या आधारें मोठ्या प्रौढीनें दिलें. दुसऱ्याचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. आमचें सारें आयुष्य तर्कशास्त्र शिकविण्यांत गेलें. तरी हे दोन प्रश्न एकमेकांत किती गुंतलेले आहेत हें त्या बाईनें विचारीपर्यंत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. त्या गुंत्याचाच विचार आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

भूगोलाचा भाग सोपा आहे. १९७४ सालीं मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर समुद्रतळाखालीं तेल सांपडलें, आणि ‘बॉम्बे हाय’ हें नांव घरोघर झालें. तेलाबरोबर वायूहि वर येऊं लागला. आरंभीं तो वाहून नेण्यास पुरेसे नळ नव्हते व घेण्यास पुरेसें गिऱ्हाईक नव्हतें. म्हणून त्याचा बराच भाग समुद्रावरच जाळून टाकण्यांत येई. पुढें उरणास वायूचे कारखाने उभे राहिले, थळचा खतकारखाना त्यावर चालूं लागला, १९८४ सालीं ‘गेल’ ही सरकारी कंपनी निघाली, आणि हजिऱ्याहून विजयपूरमार्गें जगदीशपुरापर्यंत मोठा नळ गेला. १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आज्ञा केली व २००२ साल संपेपर्यंत दिल्लीच्या सार्वजनिक बसगाड्या डिझेल सोडून दाबलेल्या वायूवर धांवूं लागल्या. २००४ सालीं दहेज बंदरांत कतारचा वायु द्रवरूपानें येऊं लागला. शून्याखालीं १६२ अंशांपर्यंत थंड केला म्हणजे वायु आपल्या आकाराच्या सुमारें सहाशेंव्या भागांत मावतो, व जहाजांतून कोठेंहि नेतां येतो. आज देशाला लागणाऱ्या वायूपैकीं जवळजवळ निम्मा अशा रीतीनें बाहेरून येतो. देशाच्या एकंदर ऊर्जेंत वायूचा वाटा सुमारें सहा टक्के आहे. तो २०३० पर्यंत पंधरा टक्के करावा असें सरकारचें उद्दिष्ट आहे.

आतां हें वाढणें चांगलें कीं वाईट? या प्रश्नाचा निकाल दिवाणखान्यांत बसून देणारांनीं प्रथम चुलीपाशीं जाऊन यावें. आमच्या मातोश्रींचें अर्धें आयुष्य फुंकणी हातांत धरून गेलें. ओलें सरपण, डोळ्यांतून वाहणारें पाणी, आणि उतारवयांत जडलेला खोकला, हें सर्व आम्हीं पाहिलें आहे. धूर हा त्या वेळीं कोणास अन्याय वाटत नसे. तो स्त्रियांच्या नशिबाचाच एक भाग समजत. ज्या इंधनानें तो धूर स्वयंपाकघरांतून घालविला, त्याला केवळ ‘सुखासीनांची चैन’ म्हणून नाक मुरडणें हें कृतघ्नपणाचें होईल. शिवाय याच वायूपासून युरिया होतो; देशांतील वायूचा सर्वांत मोठा वाटा खतकारखान्यांकडे जातो, आणि म्हणून जो कधीं गॅसची शेगडी पाहणार नाहीं अशा शेतकऱ्याच्या शेतांतहि तो अप्रत्यक्षपणें पोंचतो. हें श्रेय मान्य करूनच पुढील विचार केला पाहिजे.

विचार असा, कीं हा वायु आम्हीं निर्माण केलेला नाहीं. शेतकरी यंदांचें पीक काढतो व पुढील वर्षीं पुन्हां पेरतो. त्याचें उत्पन्न हें भूमीचें व्याज आहे. समुद्रतळाखालचा वायु हें व्याज नव्हे, मुद्दल आहे. कोट्यवधि वर्षांत सांठलेलें मुद्दल आम्ही एका-दोन पिढ्यांत खर्चितों आणि त्या खर्चाला ‘उत्पादन’ असें नांव देतों. हा शब्द किती फसवा आहे याचा अनुभव आपल्या देशानें घेतला आहे. कृष्णा-गोदावरीच्या मुखापाशीं २००२ सालीं सांपडलेल्या वायूवर २००९ मध्यें मोठी आशा बांधण्यांत आली. दररोज आठ कोटि घनमीटर वायु निघेल असें अनुमान होतें. प्रत्यक्षांत तो सुमारें सहा कोटींपर्यंत चढला आणि चार-पांच वर्षांत त्याच्याहि चतुर्थांशाखालीं उतरला. वायूच्या भरंवशावर उभारलेल्या विद्युत्केंद्रांची शक्ति सुमारें पंचवीस हजार मेगावॅटांपर्यंत गेली होती. त्यांतील पुष्कळशी बराच काळ निजून असते.

तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांस जेव्हन्सचें नांव परिचित आहे. त्याच्या सुबोध पाठांवर आपल्या कॉलेजांतील कित्येक पिढ्या वाढल्या. याच जेव्हन्सनें १८६५ सालीं इंग्लंडच्या कोळशावर एक ग्रंथ लिहिला. आणि योगायोग असा, कीं त्याच सालीं मुंबईच्या रस्त्यांवर कोळशाच्या गॅसचे दिवे प्रथम लागले. कोळसा काटकसरीनें जाळणारीं यंत्रें निघालीं म्हणून कोळसा कमी जळेल हा समज त्यानें खोडून काढला. स्वस्त झालेली वस्तु लोक अधिकच वापरतात असें त्यानें दाखविलें. परंतु त्या ग्रंथांतील आम्हांस विशेष वाटणारी गोष्ट दुसरीच आहे. कोळशाच्या बळावर आलेली संपन्नता टिकणारी नाहीं, तेव्हां ती असेपर्यंत राष्ट्राचें कर्ज फेडावें, म्हणजे पुढील पिढीचें जें आपण खाल्लें त्याची अंशतः तरी भरपाई होईल, असें त्यानें सुचविलें होतें. मुद्दल खर्च करणें हें नेहमींच पाप नव्हे. मुलाच्या शिक्षणासाठीं बाप शेत विकतो तेव्हां त्याला कोणी उधळ्या म्हणत नाहीं. परंतु शेत विकून रोज जेवणावळी घालणारास आपण काय म्हणतों हें सर्वांस ठाऊक आहे. वायु वापरावा कीं नाहीं हा प्रश्न म्हणूनच गौण आहे. त्याच्या मोबदल्यांत मागें काय ठेवणार, हा प्रश्न मुख्य आहे.

दुसरा आक्षेप हवेचा. वायु जाळला असतां तेवढ्याच उष्णतेसाठीं कोळशाच्या सुमारें निम्माच कार्बन हवेंत जातो, म्हणून त्यास ‘मधला पूल’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. हें खरें, पण न जळतां निसटलेला वायु मात्र वीस वर्षांच्या हिशेबानें कार्बन डायऑक्साइडाच्या सुमारें ऐंशीपट पृथ्वीस तापवितो. नळांच्या सांध्यांतून व विहिरींच्या तोंडांतून तो किती गळतो यावर त्या पुलाचा भरंवसा अवलंबून आहे. तथापि येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या राष्ट्रांनीं दीडशें वर्षें मनसोक्त कोळसा जाळून घरें उबदार केलीं, त्यांनीं भारतासारख्या देशाला वायूचाहि मोह सोडा म्हणून उपदेश करणें हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. परंतु उपदेशक अपात्र असला म्हणून उपदेश असत्य ठरत नाहीं. हा हेत्वाभास आम्ही दरवर्षीं पहिल्या वर्गास शिकवितों. तापणाऱ्या पृथ्वीचा पहिला तडाखा आमच्याच शेतांना व आमच्याच किनाऱ्याला बसावयाचा आहे. दुसऱ्याचें पाप मोजून आपलें दुष्काळाचें पाणी वाढत नाहीं.

तिसरी गोष्ट बाजाराची, आणि आमच्या मतें नीतीचा खरा पेंच येथेंच आहे. २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली व युरोपास रशियाकडून येणारा वायु आटत गेला. तेव्हां युरोपीय राष्ट्रांनीं द्रवरूप वायूचीं जहाजें वाटेल त्या भावानें घेण्यास आरंभ केला. पाकिस्तानच्या निविदांना विक्रेतेच मिळेनात. बांगलादेशानें जुलै महिन्यांत चढ्या भावाची खुली खरेदी थांबविली व तेथें विजेची कपात सुरू झाली. भारताच्याहि दीर्घ मुदतीच्या करारांतील कांहीं जहाजें आलीं नाहींत. ज्यांनीं कोळशाचा त्याग करण्याचा संकल्प केला होता त्या जर्मनीनें बंद ठेवलेलीं कोळशाचीं केंद्रें पुन्हां पेटविलीं. आम्ही त्यांना हंसत नाहीं. हिंवाळा समोर दिसत असतां कोणतेंहि सरकार तेंच करितें. पण प्रश्न असा, कीं येथें अन्याय कोणी केला? खरेदी करणारानें चोरी केली नाहीं, विकणारानें बहुधा बाजारभावच घेतला. तरीहि ढाक्यांतील विद्यार्थी अंधारांत बसला. सतराव्या शतकांतील लॉक या तत्त्ववेत्त्यानें मालकीचें समर्थन करतांना एक अट घातली होती, कीं सामायिक सांठ्यांतून कोणीं घ्यावें तें इतरांसाठीं पुरेसें व तितकेंच चांगलें मागें राहील अशा बेतानें. संपणाऱ्या सांठ्याला ही अट अक्षरशः पाळतांच येत नाहीं. म्हणून जेथें सांठा संपणारा आहे तेथें केवळ पैसे मोजल्यानें घेणारा ऋणमुक्त होत नाहीं, असें आम्ही मानितों.

हें लिहितांना आमची लेखणी थोडी अडखळली. कारण युरोपाचा जो न्याय आम्हांस ढाक्याच्या बाबतींत खटकला, त्याच न्यायानें आमच्या स्वयंपाकघरांत ती नळी आली आहे. देशांत निघणाऱ्या स्वस्त वायूवर घरगुती नळांचा व वाहनांचा अग्रक्रम असावा, असें सरकारनें २०१४ सालीं ठरविलें. वाहनांच्या वांट्यांत पुढें कपात झाली. घरगुती नळांचा मान कायम राहिला. हेतु चांगला होता. पण नळी कोठें पोंचते? जेथें रस्ता रुंद, इमारत पक्की, आणि दर महिन्याचें बिल भरण्याची ऐपत, तेथें. ज्या वस्तींत घराचे कागदच नाहींत तेथें मीटर कोणाच्या नांवें बसवावयाचा? तेथें सिलिंडर घ्यावा लागतो. तो महाग झाला म्हणजे आठवड्यांतील कांहीं दिवस पुन्हां लांकडाची चूल पेटते. म्हणजे ज्यांना धुरांतून सोडविण्याची सर्वांत अधिक गरज, त्यांच्या दारावरून ही नळी पुढें निघून जाते. आम्हीं कोणाचें कांहीं लुबाडलें नाहीं. बिल वेळेवर भरतों. युरोपहि हेंच म्हणत होता.

मग करावें काय? शेगडी काढून टाकून पुन्हां सरपण आणावें, असें आम्ही म्हणत नाहीं. तो त्याग दिखाऊ होईल आणि त्याचा भार आमच्यावर न पडतां घरांतील स्त्रियांवर पडेल. २०१० सालीं दोन मोठ्या उद्योगगृहांच्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं भूगर्भांतील वायु हा जनतेचा आहे व सरकार त्याचें केवळ विश्वस्त आहे. विश्वस्त हा शब्द न्यायालयानें सरकारला लाविला. आमच्या मतें तो ज्योत पेटविणाऱ्या प्रत्येकास लागू आहे. विश्वस्ताला तीन कर्तव्यें असतात. ठेव वायां जाऊं द्यावयाची नाहीं. म्हणून गळती थांबविणें व समुद्रावरील व्यर्थ जाळणें बंद करणें हें पहिलें. ठेव जेथें अन्य उपाय नाहीं तेथें आधीं वापरावयाची. म्हणून वीज सूर्यापासून व वाऱ्यापासून मिळत असतां दिवसाढवळ्या वायु जाळून ती करूं नये, आणि गरिबाच्या चुलीला व खताला तो आधीं द्यावा, हें दुसरें. ठेव खर्च झाली तर तिच्या मोलाचें कांहीं मागें ठेवावयाचें. म्हणून वायूपासून सरकारास होणारें उत्पन्न चालू खर्चांत न विरतां पुढच्या पिढीच्या ऊर्जेच्या सोयींत घालावें, हें तिसरें.

आपल्या परंपरेनें मनुष्यास जन्मतःच ऋणी मानिलें आहे. देवांचें, ऋषींचें व पितरांचें ऋण आपण ऐकत आलों; तें सर्व मागच्यांचें व वरच्यांचें आहे. जे अजून जन्मले नाहींत त्यांचें, व जे शेजारीं असून रांगेंत मागें आहेत त्यांचें ऋण आपल्या यादींत स्पष्टपणें नाहीं. समुद्रतळाच्या या वायूनें तें यादींत घालण्याची वेळ आणली आहे, असें आम्हांस वाटतें.

त्या बाईच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर अजून आमच्यापाशीं नाहीं. मात्र तो प्रश्न आम्हीं आमच्यापुरता ठेवला नाहीं. परवां आमच्या इमारतीच्या सभेंत, नळाच्या कामासाठीं कंपनीशीं पत्रव्यवहार करणाऱ्या मंडळींस आम्हीं विनंति केली, कीं मागच्या वस्तीचाहि अर्ज त्याच पत्रासोबत जावा. कांहींजणांनीं तो आपला विषय नव्हे असें म्हटलें. कांहींजण गप्प राहिले. दोघांनीं सह्या केल्या. अर्ज गेला आहे. उत्तर येईल तेव्हां येईल. पण तोंवर सकाळीं चहासाठीं कळ फिरवितांना ती ज्योत आम्हांस पूर्वींसारखी फुकटची वाटत नाहीं.