गुंफेतील क्रूस आणि देवळातील घंटा

परधर्मीयांच्या देवस्थानी पादत्राणे उतरावीत की नाही, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी धर्मबुद्धीचाच प्रश्न आहे. बालाघाट जिल्ह्यातील लामत्यासारख्या गावाहून गोंदियामार्गे मुंबईस येणाऱ्या यात्रामंडळींनी बोरिवलीची मंडपेश्वर लेणी पाहावयाची ठरविली, तर तेथे तो त्यांच्यापुढे उभा राहील.

ही मूळची शैव लेणी. तेथील नटराज भग्नावस्थेत का होईना, आजही दिसतो. सोळाव्या शतकात साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल असता फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो याने ती ताब्यात घेतली आणि गुंफेचे चर्च झाले. भिंतीवर कोरलेला क्रूस व माथ्यावरील पडकी इमारत ही त्या काळाची साक्ष होय. पुढे १७३७ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली. आज हे स्थळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

वाटाड्या एवढे सांगून पुढे चालू लागतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र रोष उरतो आणि तो खोटा नव्हे. दुसऱ्याचे उपास्य हटवून तेथे आपले स्थापणे हा अधर्मच. पण ज्याने ते हटविले तो हात वेगळा आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्या क्रूसापुढे गुडघे टेकणारी माणसे वेगळी. आजारी मुलासाठी नवस बोलणाऱ्या मातेच्या हाती छिन्नी नव्हती.

हे पटण्यास जड वाटत असेल, तर आपल्याच देवळांकडे पाहावे. वसईच्या विजयानंतर तेथील चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकराची प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच एक. ती वाजविणारा भाविक लुटीचा वाटेकरी आहे, असे आपण मानत नाही. मग हाच न्याय क्रूसापुढे नमणाऱ्यास का लावू नये?

देव स्थळाला जखडलेला नसतो, हे तर आपल्या पूर्वजांनीच आचरून दाखविले. १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास नेला गेला. स्थळ सुटले, उपासना सुटली नाही. ज्या समाजाने हे दुःख सोसले, त्याला दुसऱ्याच्या उपासनेचे मोल अधिक कळावयास हवे. इथिओपियात लालिबेला येथे खडकातून कोरून काढलेली ११ चर्चे आहेत. तेथे आजही प्रार्थना चालते आणि आत जाणारा पादत्राणे बाहेर ठेवतो. ही रीत आपणांस शिकवावी लागत नाही. ती आपल्या अंगवळणी पडलेलीच आहे.

याचा अर्थ अन्याय विसरावा, असा मुळीच नव्हे. विसरणे म्हणजे औदार्य नव्हे. ज्याला काही आठवतच नाही, त्याला क्षमा करण्याचा प्रसंगच येत नाही. मंडपेश्वरास गेल्यावर मुलांना काय फोडले गेले तेही सांगावे आणि कोणी काय मागितले असेल याचाही विचार करावयास लावावे. क्रूसापुढे हात जोडावेत की नाही, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोपवावे. परंतु तेथे आवाज खाली यावा, चेष्टा होऊ नये. नटराजापुढे मस्तक नमविणाऱ्यास एवढे अवघड वाटू नये; कारण ज्या दगडी छताखाली त्याचा देव आहे, त्याच छताखाली त्या मातेचा नवसही उच्चारला गेला आहे.